मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर तेच, मग जाण्यायेण्याच्या वेळेत फरक का?

प्रश्न:
येत्या जूनमध्ये मी आईला घेऊन न्यू जर्सीला बहिणीकडे जाणार आहे. आईचे वय 71 असून हा तिचा पहिलाच विमानप्रवास आहे, त्यामुळे तिला सलग किती तास बसावे लागेल हे मला आधी नीट समजून घ्यायचे आहे. न्यूयॉर्कच्या थेट विमानाला जाताना सुमारे 16 तास आणि येताना सुमारे साडेचौदा तास लागतात, असे दिसते. पृथ्वी पूर्वेकडे फिरत असल्यामुळे न्यूयॉर्क उलट आपल्याच दिशेने सरकत असते. मग जाताना वेळ कमी लागायला नको का?

प्रतिसाद 1:
वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरते, म्हणून तिच्या फिरण्याचा असा थेट फायदा विमानाला मिळत नाही. खरे कारण वारा हे आहे. साधारण 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचे वेगवान वारे वाहतात आणि त्यांचा वेग कधीकधी ताशी 200 किलोमीटरच्याही पुढे जातो. विमानाचा स्वतःचा वेग ताशी सुमारे 900 किलोमीटर धरला, तर समोरून येणारा वारा त्यातून वजा होतो आणि पाठीमागून येणारा वारा त्यात मिळतो. हे वारे हिवाळ्यात अधिक जोरदार असतात, त्यामुळे जूनमध्ये त्यांचा त्रास तुलनेने कमी होईल.

प्रतिसाद 2:
वरील उत्तराला मार्गाची जोड द्यायला हवी. मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ अंतर सुमारे 12,500 किलोमीटर आहे, परंतु भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून हा मार्ग काढता येत नाही. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिल्यास तो पाकिस्तान, अफगाणिस्तान, मध्य आशिया, रशिया, स्कँडिनेव्हिया आणि आइसलँडवरून जाऊन ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडात उतरतो. प्रत्यक्षात मात्र हवाई हद्दींचे निर्बंध पाळावे लागतात: एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली, तेव्हा पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक विमानांना वळसा घ्यावा लागला.

लांबचा मार्ग लवकर पोहोचवतो, असेही घडते. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले, तेव्हा अंतर सुमारे 13,900 वरून 15,300 किलोमीटर झाले, तरीही पाठीमागच्या वाऱ्यामुळे प्रवास साडेचौदा तासांत पूर्ण झाला. मला हे उदाहरण फार बोलके वाटते.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. मध्यरात्री 1 वाजता निघून त्याच दिवशी सकाळी साडेसातला पोहोचायचे, असे आईला सांगितले, तर तिला हा प्रवास साडेसहा तासांचाच वाटेल. हे तिला कसे समजवावे?

प्रतिसाद 3:
तिकिटावर दोन्ही ठिकाणच्या स्थानिक वेळा छापलेल्या असतात. जूनमध्ये न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते (हिवाळ्यात साडेदहा), म्हणून साडेसहात साडेनऊ मिळवा, म्हणजे 16 तास होतात. आईंना सोपे पडावे म्हणून त्यांचे मनगटी घड्याळ उतरेपर्यंत भारतीय वेळेवरच ठेवा. सायंकाळी 5 वाजता पोहोचायचे, एवढेच त्यांना सांगा. जागा मात्र आतापासूनच मधल्या वाटेच्या कडेची निवडा, कारण इतक्या तासांत त्यांनी मधूनमधून उठून चालणे पायांसाठी आवश्यक आहे, आणि दर वेळी शेजाऱ्याला उठवावे लागले तर त्या संकोचाने बसूनच राहतील.