रात्री स्विच बंद करा म्हणे!

शाहूपुरी_रॅक
काल इथं एकानं लिहिलंय, "डेटा सेंटरमधले निम्मे स्विच रात्री झोपवा, नेटवर्कची निम्मी वीज वाचते. एवढं साधं गणित कुणाला कळत नाही." वाचून डोकं फिरलं. (स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे, कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा नेटवर्कचा डबा.) दाखला कशाचा, तर २०१० च्या इलॅस्टिकट्रीचा, म्हणजे गरज नसलेले स्विच बंद ठेवायच्या प्रयोगाचा. स्टॅनफर्ड आणि एचपीवाल्यांचं काम ते. त्यात "जास्तीत जास्त" निम्मी असं आहे, भावा, आणि तेही फॅट-ट्री नावाच्या जोडणीत, जिथं एका रॅकमधून, म्हणजे सर्व्हरच्या कपाटातून, दुसऱ्यात जायला ढीगभर वाटा असतात. माझ्या पतसंस्थेत कोअर स्विच, म्हणजे सगळं ज्यांच्यातून जातं ते, दोनच. एक झोपवला आणि दुसऱ्यानं मान टाकली, तर सकाळी काउंटरपुढं रांग आणि साहेबांपुढं मी. पंधरा वर्षं केबल ओढतोय, पोथी वाचून बोलत नाही.

रंकाळा_पॅकेट
ते मीच लिहिलंय. मी नवी मुंबईतल्या मोठ्या सेंटरबद्दल बोलतोय, तुम्ही दोन स्विचची पतसंस्था मध्ये आणताय. स्विचला अर्धपोटी राहणं जमतच नाही, हा मुद्दा आहे. डेटाचं पॅकेट जावो न जावो. चिप, पंखे, पोर्ट सगळे जागे. सर्व्हरनं निदान काम नसताना कमी खायला शिकून घेतलं. गूगलच्या लोकांनी २०१० लाच मांडलेलं: सर्व्हर पूर्ण भरात असताना नेटवर्कचा वाटा १२ टक्के. पण सर्व्हर कामापुरतंच खायला लागले आणि भार १५ टक्क्यांवर आला, तर नेटवर्क जवळजवळ निम्मी वीज खाणार. मग?

शाहूपुरी_रॅक
मग काय? 'लागले तर'! त्याच साली इथरनेटला झोपेची सोय पण आली, ८०२.३एझेड. पॅकेट नसलं की लिंक पेंगते, काही मायक्रोसेकंदांत जागी होते. मी हौसेनं चालू केली. गेटवरचा कॅमेरा दर तासाला गायब! आठवडाभर वॉचमनला शिव्या घातल्या, बिचाऱ्याचा दोष नव्हता. शेवटी बंद केली.

राजारामपुरी_गारवा
स्विच सोडा, एसीचं बोला. आमच्यात सर्व्हर रूम १८ वर. का, तर साहेबांना मे महिन्यात डबा तिथं खायचा असतो. अश्रे, म्हणजे एसीवाल्या इंजिनिअरांची अमेरिकन संस्था, तिची शिफारस २७ पर्यंत चालते. मी २५ केला, दोन दिवसांत मेमो!

शाहूपुरी_रॅक
आमच्यात पण १८ च. पण २७ करून बघा, स्विचचे पंखे किंचाळायला लागतात. पंख्याची वीज वेगाच्या घनात वाढते, वेग दुप्पट तर वीज आठपट. एसीत वाचवलं ते पंख्यात गेलं.

राजारामपुरी_गारवा
२५ ला पंखा दुप्पट वेगात जात नाही हो. पुढची हवा आणि मागची हवा एकत्र होत असेल तर जातो. तुमच्या रॅकच्या मोकळ्या फटींना पत्रे लावलेत का? नसणारच. गरम हवा फिरून पुढं येते आणि दोष एसीला.

शाहूपुरी_रॅक
माझ्या रॅकवर जायचं काम नाही. कधी बघितलाय?

राजारामपुरी_गारवा
बघायला कशाला पाहिजे? चिडलास म्हणजे पत्रे नाहीत.

शिरोलीचं_बीड
एक टन बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वितळवायला आम्हाला पाच-सहाशे युनिट लागतात. मधेच वीज गेली तर भट्टीतला माल भट्टीतच थिजतो, मग ब्रेकर घेऊन फोडत बसा. दिवाळीच्या तोंडावर झालंय. आणि तुम्ही कॅमेऱ्याच्या झोपेवर भांडताय. आमच्या दराबद्दल एक धागा काढा की कुणीतरी.

रंकाळा_पॅकेट
दादा, तुमचं दुःख खरं, पण वेगळं. रॅकसाहेब, स्विच झोपवू नका, बरं? ज्यात दोन वायरी लोंबतायत असा एखादा चालू स्विच तरी आहे का तुमच्यात, एवढंच बघा. आणि रॅकमधल्या रॅकमध्ये दोन-तीन मीटरला ऑप्टिकल मॉड्यूल (विजेचा सिग्नल प्रकाशात बदलणारे) लावले असतील तर तांब्याची डॅक केबल घाला. ४०० जीचं (सेकंदाला ४०० गिगाबिटवालं) एकेक मॉड्यूल दहा वॅटच्या घरात जातं, डॅक जवळजवळ काहीच खात नाही.

शाहूपुरी_रॅक
४०० जी! आमच्यात १० जी आलं तेव्हा पेढे वाटलेले.

(चार दिवसांनी)
तिसऱ्या मजल्यावर एक जुना चेसिस स्विच, कार्डं खुपसायचा मोठा डबा, निघाला. तीन वायरी: एक प्रिंटर, दोन कुठंच जात नव्हत्या. रविवारी उचलला, यूपीएसवर दीडशे वॅट उतरले. पण मी तो रात्रीपुरता बंद केला नाही, कायमचा काढला. त्यामुळं तुझं म्हणणं बरोबर होतं असं समजू नकोस.

शिरोलीचं_बीड
दीडशे वॅट, वर्षाला १३१४ युनिट. आमचं दोन टन बीड झालं की भावा! प्रिंटरसाठी जाळत होतास?

राजारामपुरी_गारवा
आणि पत्रे?

शाहूपुरी_रॅक
पुठ्ठा लावलाय. एसीचं विचारू नका, रिमोट साहेबांच्या खिशात असतो.