साप्ताहिक गोळ्या घेऊनही मुलींचे हिमोग्लोबिन का वाढत नाही?

प्रश्न
मी ग्रामीण भागातील शाळेत शिक्षिका आहे. आमच्याकडे किशोरवयीन मुलींना आठवड्यातून एकदा लोह व फॉलिक ॲसिडची गोळी दिली जाते. ज्यांचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी आढळले होते, त्यांच्यापैकी काही मुलींच्या आकड्यात अनेक महिन्यांनंतरही फारसा फरक पडलेला नाही आणि गोळ्यांचा उपयोगच नाही, असे पालक म्हणू लागले आहेत. मुली गोळ्या घेत नाहीत की कारण वेगळेच आहे, हे कसे ओळखावे?

प्रतिसाद १
आठवड्याची गोळी मुळात रक्तक्षय होऊ नये म्हणून असते. झालेला रक्तक्षय बरा करण्यासाठी तेवढे लोह सहसा पुरत नाही. जिचे निदान झाले आहे, तिला डॉक्टरांच्या सल्ल्याने उपचाराची मात्रा मिळायला हवी. ती लागू पडली, तर महिनाभरात हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने वाढते आणि आकडा सुधारल्यानंतरही शरीरातील लोहाचा साठा भरून निघण्यासाठी गोळ्या आणखी सुमारे तीन महिने चालू ठेवाव्या लागतात. बहुतेक जणी नेमक्या इथेच थांबतात. हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल, तर मात्र शाळेच्या पातळीवर वाट पाहू नये.

प्रतिसाद २
वरील मुद्दा योग्य आहे, परंतु प्रत्येक रक्तक्षय लोहाअभावीच होतो असे गृहीत धरू नये. थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिन कमी बनण्याचा सौम्य आनुवंशिक दोष) असलेल्या मुलीच्या तांबड्या पेशी लोहाच्या कमतरतेप्रमाणेच लहान दिसतात, पण त्यांची संख्या अनेकदा भरपूर असते. शरीरात लोह पुरेसे असेल, तर अशा मुलीचे हिमोग्लोबिन गोळ्यांनी वाढत नाही. ब जीवनसत्त्व १२ ची कमतरता असेल, तर पेशी बहुधा आकाराने मोठ्या होतात. म्हणून आकडा हलत नसलेल्या मुलींची संपूर्ण रक्ततपासणी आणि फेरिटिनची (शरीरातील लोहाचा साठा दाखवणाऱ्या प्रथिनाची) चाचणी करून घ्यावी. अंगात संसर्ग किंवा दाह असताना फेरिटिन वाढलेले दिसते, त्यामुळे तेवढ्यावरून साठा पुरेसा आहे असे मानू नये. अंकुशकृमी आतड्यातून रक्त शोषतात, तेव्हा जंतनाशक गोळी दिली गेली आहे की नाही, हेही पाहावे.

पाळीतील रक्तस्रावाचा विषय मात्र बहुतेक ठिकाणी विचारलाच जात नाही, आणि माझ्या मते सर्वांत मोठी त्रुटी हीच आहे. स्राव सात दिवसांहून अधिक चालतो का, पॅड तासा-दोन तासाला बदलावे लागते का, मोठ्या गुठळ्या पडतात का, हे एखाद्या विश्वासू स्त्रीने एकांतात विचारावे. पहिल्या पाळीपासूनच स्राव जास्त असेल आणि हिरड्यांतून किंवा नाकातूनही रक्त येत असेल, तर रक्त गोठण्यातील दोषाची तपासणी आवश्यक ठरते; गळती चालू असताना नुसते लोह देत राहणे व्यर्थ आहे.

प्रतिसाद ३
तपासणीची पद्धतही पाहावी. बोट दाबून काढलेल्या थेंबात ऊतींतील पाणी मिसळते आणि आकडा चुकतो. गोळीसोबत चहा किंवा कॅल्शियम घेतल्यास लोहाचे शोषण घटते. मळमळ आणि काळी शौच यांमुळे मुली गोळी गुपचूप टाकून देतात. काळी शौच निरुपद्रवी असते, हे आधीच सांगावे आणि गोळी जेवणानंतर समोर गिळायला लावावी.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. निदान झालेल्या मुलींची वेगळी यादी आरोग्य केंद्राकडे पाठवते आणि पाळीविषयी परिचारिकेने एकेकीशी बोलावे, अशी विनंती करते.