फायरमनच्या पाळ्या बदलायच्या का? 'दोन दिवस, दोन रात्री, चार सुट्ट्या'

गंगाघाट :

माझे बाबा फायरमन आहेत. कोणत्या पालिकेत ते मुद्दाम लिहीत नाही, घर मात्र नाशिकलाच, आडगावच्या बाजूला. नोकरीला सत्तावीस वर्षं झाली. एक आठवडा फर्स्ट, एक आठवडा सेकंड, एक आठवडा नाइट, असा फेरा. बाबांना नाइट लागली की खिडकीला जाड चादर टांगायची आणि कुकर लावायचा नाही, भात पातेल्यात करायचा, हे मला सातवीपासून कोणी सांगावं लागलेलं नाही. ते साडेसातला येतात, अंघोळ करून आडवे होतात आणि दहा वाजता उठून बसलेले असतात. पहिले दोन-तीन दिवस असेच जातात. शुक्रवारपर्यंत अंग जरा रुळतं, चार-पाच तास सलग झोप लागायला लागते, तेवढ्यात आठवडा संपतो आणि फर्स्टसाठी पहाटे पाचला उठायची वेळ येते.

हे झालं कागदावरचं. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आला नाही की डबल पडतो, आठाचे सोळा तास होतात. गेल्या लक्ष्मीपूजनाला बाबा सेकंडला गेले ते दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले. रात्रभर फटाक्यांच्या वर्द्या, म्हणजे आग लागल्याचे निरोप. जेवायला बसले आणि वरणभाताचा घास हातात असतानाच डोळा लागला. आईने हळूच ताट बाजूला सरकवलं.

म्हणून महिनाभर मी दुसरीकडे काय चालतं ते वाचत होते. ब्रिटनमधली जुनी पद्धत मला सगळ्यांत पटली: दोन दिवसपाळ्या, लगेच दोन रात्रपाळ्या, मग चार दिवस सुट्टी. दिवसपाळी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, रात्रपाळी सहा ते सकाळी नऊ. आठ दिवसांत ४८ तास भरतात, म्हणजे आठवड्याला सरासरी ४२. चार गट लागतात. रात्री दोनच असल्यामुळे झोपेचं घड्याळ उलटं फिरायच्या आत माणूस परत दिवसावर येतो. आणि पुढच्या वर्षीच्या गणपतीत आपण ड्युटीवर आहोत की घरी, हे आजच तक्त्यावर बोट ठेवून सांगता येतं. आमच्या घरात पुढच्या रविवारचं सांगता येत नाही.

हे काम इतर पाळ्यांच्या कामांसारखं नाही. ८ ऑक्टोबर २०२२ ला नाशिकच्या मिरची चौकात खासगी बस पेटली, बारा जण गेले, ती वेळ पहाटेची होती. ज्या वेळी शरीर सगळ्यांत जड असतं त्याच वेळी ह्यांना धावत जाऊन होज, म्हणजे पाण्याचा जाड पाइप, खांद्यावर घ्यायचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०२२ मध्ये फायरमनचं काम हेच कर्करोगकारक ठरवलं, तंबाखू ज्या पहिल्या गटात आहे त्याच गटात. धूर कोणाच्या हातात नाही. झोप तरी आहे ना?

२०२७ च्या सिंहस्थातली स्नानं येण्याआधी नाशिकच्या एका अग्निशमन केंद्रावर तरी ही पद्धत करून बघावी, असं मला मनापासून वाटतं.

जुना बंबवाला :

पोरी, तुझ्या बाबांना नमस्कार सांग. मी ३१ वर्षं काढली, त्यातली सुरुवातीची बरीच चोवीस तासांच्या ड्युटीत. तुझी तळमळ पटली, उपाय नाही पटला. माझं मत चोवीस तास काम आणि अठ्ठेचाळीस तास घरी. अमेरिकेत बऱ्याच शहरांत हेच चालतं, तीन गटांत भागतं.

का, ते सांगतो. पाळी बदलते तेव्हा रोल कॉल होतो आणि मग तपासणी. बी. ए. सेट, म्हणजे पाठीवरचा हवेचा सिलिंडर, एकेक उघडून गेज बघायचा, काटा ३०० बारला हवा. मास्क लावून दम ओढायचा, रबर गालाला चिकटलं पाहिजे. पंप चालू करून पाणी ओढतोय का बघायचं. होजच्या जोडात, कपलिंगमध्ये, बोट घालून वायसर जागेवर आहे का चाचपायचा. दिवसातून तीनदा हे होऊ लागलं की कोणी ना कोणी म्हणतोच, 'आत्ता तर बघितलंय.' एकदा पाळी बदलून दहा मिनिटंही झाली नव्हती आणि वर्दी आली. जुन्या नाशकातला वाडा, खाली भंगाराचं गोदाम. तसाच सेट पाठीवर टाकून मी आत शिरलो आणि चौथ्या मिनिटाला हवा संपत आल्याची शिट्टी वाजली. आधीच्या पाळीने वापरलेला सिलिंडर कोणी बदललाच नव्हता. भिंतीला हात लावत, होज धरून उलटा बाहेर आलो. बाहेर आल्यावर गुडघे थरथरत होते.

चोवीस तासांत ही अदलाबदल एकदाच होते. शिवाय तीच सहा माणसं एकत्र जेवतात, एकत्र सराव करतात. धुरात स्वतःचा हात दिसत नाही, तिथे मागच्याच्या श्वासावरून तो कोण ते कळावं लागतं. आज ह्या पाळीत, उद्या त्या पाळीत असं फिरणाऱ्याला ते कळत नाही.

रातराणी :

काका, तुमच्या अनुभवाला हात जोडून नमस्कार. पण मी स्टाफ नर्स आहे, बावीस वर्षं रात्री काढल्यात, आणि चोवीस तासांना माझा ठाम विरोध आहे.

१९९७ मध्ये 'नेचर'मध्ये एक ऑस्ट्रेलियन अभ्यास आला होता. सलग सतरा तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका मंदावतो, चोवीस तासांनी ०.१० टक्क्यांइतका. आपल्याकडे गाडी चालवायला मर्यादा ०.०३ ची आहे. बंब चालवणारा ड्रायव्हरच असतो ना? द्वारका चौकातून तो बंब काढायचा म्हणजे काय ते नाशिककरांना सांगायला नको.

दुसरं, हृदय. अमेरिकेत कामावर असताना दगावणाऱ्या फायरमनपैकी सुमारे ४५ टक्के हृदयविकाराने जातात. २००७ चा मोठा अभ्यास आहे. गाढ झोपेतून घंटेने उठायचं, अंगावर जड कपडे, मिनिटभरात गाडीत. आमच्याकडे वॉर्डात पहाटे तीनला कोणी कोसळलं की डुलकीतून उठलेल्या सिस्टरचे हात पहिली पाच मिनिटं कसे चालतात ते मी रोज बघते. इंजेक्शनची कुपी दोनदा वाचावी लागते.

जुना बंबवाला :

सिस्टर, चोवीस तास ड्युटी म्हणजे चोवीस तास जागं असं नाही. शांत केंद्रावर रात्री पाच तास पाठ टेकते.

रातराणी :

शांत केंद्रावर. जुन्या गावात उन्हाळ्यात किती रात्री शांत जातात, काका? तक्ता सगळ्यांसाठी एकच असणार आहे.

अंबड लिंक रोड :

मी कारखान्यात शिफ्ट इनचार्ज आहे, तक्ते बनवणं हेच माझं काम. दोघांचं वाचलं. माझ्या मते आठ तासांची पाळीच बरोबर आहे आणि ती कामगारांनी भांडून मिळवलेली आहे. ती सोडू नका. दुखणं पाळीत नाही, माणसं कमी असण्यात आहे.

हिशोब बघा. आठवड्याचे १६८ तास. बंबावरची एक जागा सतत भरलेली ठेवायची तर आठ तासांच्या पाळीत, एक साप्ताहिक सुट्टी धरून, माणूस ४८ तास देतो. म्हणजे एका जागेला साडेतीन माणसं. काकांच्या चोवीस-अठ्ठेचाळीसमध्ये तीनच पुरतात, पण प्रत्येकाचे तास होतात ५६. ताईंच्या पद्धतीत चार लागतात. सहा जणांचा एक बंब धरला तर अनुक्रमे २१, १८ आणि २४. ह्यात रजा, आजारपण, प्रशिक्षण काहीच धरलेलं नाही. आत्ता २१ च्या जागी माणसं भरलेली नाहीत म्हणून तर डबल पडतात. तक्ता बदलला म्हणून माणसं उगवत नाहीत. २४ चा तक्ता १८ माणसांवर चालवायला घेतला तर ताईंच्या बाबांची चार दिवसांची सुट्टी पहिल्याच महिन्यात दोनवर येईल, आणि रात्रपाळीचे पंधरा तास मात्र तसेच राहतील.

काकांना चोवीसच हवेत तर अमेरिकेतलाच एक उपाय आहे. दर सातव्या ड्युटीला सुट्टी द्यायची. ५६ चे बरोबर ४८ होतात. अशा जादा सुट्टीला तिकडे केली डे म्हणतात, शिकागोच्या केली नावाच्या महापौरावरून. पण मग तिथेही माणसं साडेतीनच लागतात. हिशोबातून सुटका नाही.

द्राक्षबाग :

माझा धाकटा भाऊ ह्याच खात्यात आहे, रोज निफाडकडून मोटारसायकलवर जातो, पस्तीस-चाळीस किलोमीटर एका बाजूने. आठ तासांच्या पाळीत आठवड्यातून सहा दिवस हे करतो. सेकंड सुटल्यावर रात्री बाराला महामार्गावर ट्रकच्या उजेडात येतो तेव्हा वहिनी झोपत नाही. चोवीस-अठ्ठेचाळीसमध्ये महिन्यात दहा फेऱ्या होतील. आमच्यासाठी तेवढं एकच कारण पुरेसं आहे.

आणि एक खरं सांगतो, कारण इथे सगळे मनापासून लिहितायत. सलग सुट्टी मिळाली की भाऊ बागेत उतरतो. ऑक्टोबर छाटणीत दिवसभर हातात कात्री, संध्याकाळी फवारणीचा ट्रॅक्टर. मजूर मिळत नाही, कर्ज आहे. चार दिवस सुट्टी दिली तर तो चार दिवस झोपणार नाही.

घरपट्टी भरणारा :

एका बंबामागे १८ ऐवजी २४ माणसं म्हणजे सहा पगार जास्त. शहरभर किती होतील? रस्ते खड्ड्यात, घंटागाडी वेळेवर येत नाही. फायरमनबद्दल आदर आहे, पण पालिकेच्या तिजोरीचाही विचार करा.

गंगाघाट :

एकेकाचं घेते.

घरपट्टीवाले दादा, वाढ २१ वरून २४ ची आहे. १८ वरून नाही, कारण १८ मध्ये आठवड्याला ५६ तास काढून घेतले जातात. त्या जास्तीच्या तासांची किंमत आत्ता आमचं घर भरतंय. आईच्या झोपेच्या गोळ्या, बाबांचं बी.पी.

अंबडवाले सर, तुमचा हिशोब मी वहीत उतरवून घेतला. भरतीशिवाय माझी पद्धत उभी राहणार नाही, हे मान्य. चार दिवसांची सुट्टी दोनवर येईल, ह्या तुमच्या वाक्याने रात्री झोप लागली नाही, कारण बाबांच्या बाबतीत अगदी तसंच होईल. पण मला एक सांगा, आठ तासांचा तक्ता असताना जागा रिकाम्या राहिल्या, तेव्हा कोणाला दिसलं? डबल मारून पाळी भरली की मस्टरवर सगळं ठीक दिसतं. चार गटांच्या पद्धतीत गट अपुरा असेल तर तो अपुराच दिसतो. बाबांना झाकावं लागत नाही.

आणखी एक मुद्दा, तो सिंहस्थाचा. पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे, ऐन पावसाळ्यात. २०१६ च्या आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, काय पूर आला होता ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, घाटावरचा दुतोंड्या मारुती बुडाला होता. २००३ च्या सिंहस्थातल्या चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. पूर आणि गर्दी एकत्र आली तर घरी झोपलेली, ताजी माणसं हाताशी हवीत. चार गटांत कोणत्याही दिवशी दोन गट सुट्टीवर असतात, त्यांना बोलावता येतं. आठ तासांच्या फेऱ्यात घरी असलेला माणूस एक तर आत्ताच ड्युटी करून आलेला असतो नाही तर निघायच्या तयारीत असतो.

द्राक्षबागवाले दादा, भावाचं वाचून बाबा आठवले. ते बागेत जात नाहीत, पण सुट्टीच्या दिवशी नातेवाइकांच्या घराचं वायरिंग करून देतात. सुट्टीत त्याने काय करावं हे खात्याने ठरवू नये. पगार असा हवा की कात्री हातात घ्यावी लागणार नाही. ते माझ्या तक्त्यात बसत नाही, हे मला कळतं.

जुना बंबवाला :

सिंहस्थाचा मुद्दा चांगला आहे. २००३ ला आम्ही घाटावर सलग किती तास उभे होतो ते मोजायचंही सोडून दिलं होतं. इगतपुरीजवळच्या मुंढेगावची कारखान्याची आग १ जानेवारी २०२३ ला लागली ती दिवसेंदिवस चालली, तिथे तर कोणताच तक्ता टिकला नसता. अशा वेळी घरी ताजा गट असणं मोठी गोष्ट. एवढं मी मान्य करतो.

पण अदलाबदलीचं माझं म्हणणं कायम. तुझ्या पद्धतीत ती दिवसातून दोनदा होईल. तीनपेक्षा बरी, एकदापेक्षा वाईट. आणि दोन्ही गटांनी अर्धा तास एकत्र थांबलंच पाहिजे, सिलिंडरचा आकडा जाणाऱ्याने आणि येणाऱ्याने दोघांनी वहीत लिहून सही केली पाहिजे. हे नसेल तर मी विरोधातच आहे.

रातराणी :

काकांच्या अर्ध्या तासाला माझा पूर्ण पाठिंबा. वॉर्डातही आम्ही बेडजवळ उभं राहूनच पेशंट ताब्यात देतो.

ताई, तुमच्या पद्धतीतही पंधरा तासांची रात्र आहे, ते विसरू नका. त्याच कर्करोग संस्थेने रात्रपाळीला २००७ ला आणि पुन्हा २०१९ ला 'बहुधा कर्करोगकारक' म्हटलंय. दिवस आणि रात्र बारा-बारा तासांची करा, आठवड्याचे तास तेवढेच राहतात. आणि रात्री झोपायला अंधारी, शांत खोली मागा. वॉच रूमच्या ट्यूबलाइटखालचा बाकडा नको.

अंबड लिंक रोड :

बारा-बाराला हरकत नाही. माझा विरोध तरीही आहे: आधी जागा भरा, मग तक्ता. पण ताई, 'कोणाला दिसलं' ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. कारखान्यात डबल पडला की त्याचा वेगळा कागद निघतो आणि महिन्याच्या शेवटी मला जाब द्यावा लागतो. बाबांचे वर्षभरात किती डबल पडले ते कुठे लिहिलेलं आहे का? एका माणसाचे जरी खरे आकडे मिळाले तरी मी त्यावरून तिन्ही तक्ते करून दाखवतो.

गंगाघाट :

आहे. बाबांकडे खिशातल्या छोट्या डायऱ्या आहेत, दर वर्षीची एक, कपाटात वरच्या खणात रबर लावून ठेवलेल्या. पाळी निळ्या पेनाने, डबल पडला की पुढे लाल टिंब. आत्ता ते नाइटला गेलेत. आईला विचारून काढल्या आहेत, गेल्या वर्षीच्या जानेवारीपासून मोजायला बसतेय.