मुलगी बारावीत: पुण्यात हॉस्टेल की पीजी?

वाळपईची आई: आमच्या बायला (लेकीला) पुण्यात बीएस्सी करायचंय. फॉर्म तीच भरते, मी फक्त दाखले शोधून देते. घोळ राहण्याचा. बघितलेल्या पीजीत मासळीला बंदी, आणि हिला हुमणाशिवाय (माशांच्या कालवणाशिवाय) चैन नाही!

फोंड्याचा बाबा: पहिलं वर्ष हॉस्टेलच. यूजीसीच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांत नवख्यांना शक्यतो वेगळं ठेवायला सांगितलंय. कॉलेजात तशी सोय आहे का विचारा. पीजी घेतलंच तर अनामत किती कापून परत देणार, ते लिहून घ्या.

पेडण्याची ताई: गोवा एक्सप्रेस पुण्याला पहाटे पोचते. खोली स्टेशनपासून किती लांब तेही बघा.

वाळपईची आई: पहाटे म्हटल्यावर तिचे बाबा हॉस्टेलच म्हणतायत. हुमणाचं दिवाळीत बघू.