गर्भपिशवी काढणं हा एकच उपाय नाही

ताई, तुम्ही लिहिलंत की अंग बाहेर येत असेल, म्हणजे गर्भपिशवी खाली सरकत असेल, तर पिशवी काढून मोकळं व्हावं, चाळिशीनंतर तिचं काम काय. मला हे पटत नाही. अंग उतरतं ते आधाराचे स्नायू आणि बंध सैल पडल्यामुळे. नुसती पिशवी काढली आणि योनीमार्गाचा वरचा भाग नीट बांधून घेतला नाही, तर पुढे योनीमार्गच खाली येऊ शकतो.

माझ्या काकू यवतमाळकडच्या. कमरेला कापसाची भरलेली ओटी आणि अंग बाहेर येऊ नये म्हणून आत जुन्या लुगड्याची घडी दाबून बसवलेली. सात वर्षं असाच कापूस वेचला. 'बाईच्या जातीले चालतेच' म्हणायच्या.

वय कमी असेल तर पिशवी ठेवून ती पट्टीने वर बांधता येते. मुंबईच्या पुरंदरे आणि शिरोडकर या डॉक्टरांच्या नावाने अशा पद्धती ओळखल्या जातात. पिशवीचं तोंडच लांबलं असेल तर मँचेस्टर ऑपरेशन, म्हणजे तो लांबलेला भाग कापून आधाराचे बंध घट्ट करणं. फार वय झालेल्या, शरीरसंबंध नको असलेल्या बाईसाठी योनीमार्ग शिवून बंद करायची छोटी शस्त्रक्रियाही आहे. योनीमार्गातून आधाराची कृत्रिम जाळी बसवायला सांगितलं तर मात्र दुसऱ्या डॉक्टरांना जरूर विचारा, अमेरिकेत २०१९ साली त्या जाळ्यांची विक्री थांबवली. ऑपरेशन नकोच असेल तर योनीमार्गात आधाराची रिंग बसवता येते.

आणि घरच्यांना आधीच सांगा: ऑपरेशननंतर निदान दोन-तीन महिने पाण्याचा हंडा, सरपणाची मोळी, कापसाचं गाठोडं काहीच उचलायचं नाही. काकूंच्या ऑपरेशनची तारीख आम्ही म्हणूनच वेचणी संपल्यावर घेतली.