लांबून सोनं शोधणारा ५५५ टायमरवाला लाँग रेंज डिटेक्टर खरंच चालतो का?

प्रश्न: ५५५ आयसीने (ठरावीक वेगाने सिग्नल देणारी छोटी चिप) म्हणे सोन्याची फ्रिक्वेन्सी सोडायची, हातात फिरत्या अँटेना धरायच्या की लांबूनच दिशा कळते. सर्किट जमलंय, अँटेना वळतात पण. रेंज कशी वाढवू?

उत्तर १: बॅटरी काढून बघ, तरी वळतील 😄 मनगट नकळत झुकतं, बाकी काही नाही. सोन्याची अशी वेगळी रेडिओ फ्रिक्वेन्सी नसतेच.

उत्तर २: बॉम्ब शोधतं म्हणून विकलेलं एडीई ६५१ हे यंत्र पण असलंच, आत चालणारं काहीच नाही, विकणाऱ्याला २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये १० वर्षांची शिक्षा झाली.

उत्तर ३: त्यापेक्षा पल्स इंडक्शन डिटेक्टर (कॉइलमध्ये विजेचे झटके सोडून धातू ओळखणारा) बनव, मॉसफेट (झटपट चालू-बंद होणारा स्विच), ऑपअँप (सिग्नल मोठा करणारी चिप) आणि कॉइल हाच मुख्य खेळ. नाण्याला फार तर फूटभर खोली मिळेल कारण लांबवर गेलं की अंतर दुप्पट झाल्यावर सिग्नल साधारण ६४ पट घटतो, कॉइल मोठी केलीस तर खोलवरचा हंडा लागेल पण बारीक नाणं सुटेल.