थंडीत डोंगरातल्या गावी कुत्र्याला सोबत न्यावं का?

गारवारा:
पुढच्या महिन्यात चार दिवस डोंगरातल्या एका गावी जायचं ठरतंय, उंची साधारण २००० मीटर आणि त्या दिवसांत तिकडे बर्फ असतो. आमचा टिपू साडेआठ वर्षांचा आहे, आखूड केसांचा, १२ किलो. आजवर आम्ही बाहेरगावी गेलो की तो बोर्डिंगला राहायचा पण गेल्या वेळी तिथे दोन दिवस जेवलाच नाही, आणि घरी आल्यावर आठवडाभर मी बाथरूममध्ये गेले तरी दाराशी येऊन बसायचा. ते बघून मला फार वाईट वाटलं, परत तसं ठेवायची इच्छा नाही. पण त्याने बर्फ कधी बघितलेला नाही, गाडीने सात तासांचा प्रवास आहे आणि घाट लागला की त्याला उलटी होते. हॉटेलवाले कुत्रा चालेल म्हणालेत. कोणी नेलंय का असं? नेऊ की नको?

दोनपट्टे:
आम्ही आमच्या राणीला तीन हिवाळे नेलंय, तीही आखूड केसांचीच. न्यायला हरकत नाही, फक्त फिरायचं वेळापत्रक तिच्या हिशोबाने लावावं लागतं हे आधीच मान्य करा.

लोकांचं सगळं लक्ष जॅकेटकडे असतं आणि पंजे राहून जातात. आमचंही पहिल्या वर्षी तेच झालं. रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात ना, ते तळव्याच्या भेगांत जाऊन झोंबतं, शिवाय बोटांच्या मधल्या केसांत बर्फाच्या गोळ्या धरतात. राणी चालता चालता एक पाय उचलून उभी राहिली आणि मला वाटलं दमली. रूमवर आल्यावर बघितलं तर तळवे लालबुंद, आणि ती सारखी चाटत होती, म्हणजे ते मीठ पोटात पण चाललं होतं. तेव्हापासून निघायच्या आधी बोटांमधले केस कापून घेतो, बाहेर पडताना तळव्यांना व्हॅसलीन लावतो आणि आलं की कोमट पाण्याने पाय धुऊन बोटांच्या मध्ये नीट कोरडं करतो. बूट घेणार असाल तर आत्ताच घ्या, घरात रोज पाच-दहा मिनिटं घालून सवय करा, तिकडे जाऊन पहिल्यांदा घातले तर तो चालणारच नाही. आणि घट्ट नकोत, रक्त नीट फिरलं नाही तर पाय उलट जास्त गार पडतात.

अजून एक, हे खरंच लक्षात ठेवा ताई. पार्किंगमध्ये गाड्यांखाली हिरवट किंवा गुलाबी पाणी साचलेलं दिसलं तर त्याला तिथून लांब न्या. ते अँटिफ्रीझ (गाडीच्या इंजिनातलं पाणी गोठू नये म्हणून घालतात ते) असू शकतं, त्यात बहुतेक वेळा इथिलीन ग्लायकॉल असतं, चवीला गोड म्हणून कुत्री चाटतात आणि थोडंसं पोटात गेलं तरी किडन्या निकामी होतात. सुरुवातीला नशा केल्यासारखा तोल जातो, मग जरा बरं वाटतंय असं दिसतं आणि तिथेच माणसं फसतात. चाटल्याची शंका जरी आली तरी थांबायचं नाही, सरळ व्हेटकडे (जनावरांच्या डॉक्टरकडे), पहिल्या काही तासांतच उपचार लागू पडतात.

घाटातलावेग:
उलटीचं मी सांगतो. निघायच्या चार-पाच तास आधी थोडंसंच खायला द्या, नंतर नाही, पाणी मात्र घोट घोट चालू ठेवा. काच थोडी उघडी, दर दोन तासांनी पट्टा लावूनच खाली उतरवा. तरी होत असेल तर व्हेटकडून प्रवासाची उलटीची गोळी लिहून घ्या, मारोपिटंट नावाचं औषध कुत्र्यांसाठीच असतं आणि निघायच्या दोनेक तास आधी द्यायचं असतं. माणसांची गोळी अर्धी करून देऊ नका प्लीज. गाडीत त्याला मोकळा बसवू नका, हार्नेसला लावायचा बेल्ट मिळतो तो घ्या, घाटात ब्रेक दाबला की १२ किलोचा कुत्रा पुढे फेकला जातो. आणि चहाला थांबलात तर गाडी बंद करून त्याला एकट्याला आत ठेवू नका, थंडीत बंद गाडी फ्रीजसारखी गार होते.

सांजवेळ:
मी थोडं वेगळं म्हणेन. साडेआठ म्हणजे म्हाताराच की हो तो. सकाळी उठताना मागचे पाय आखडतात का? जिना चढायला कुरकुर करतो का? तसं असेल तर थंडीत सांधे जास्त दुखणार, आणि मग दया येऊन घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्रुफेन त्याला देऊ नका, दोन्ही विषारी आहेत. जायच्या आधी व्हेटला हृदय आणि सांधे तपासायला सांगा, हृदयाचा त्रास निघाला तर मी त्या उंचीवर नेणार नाही. मग बोर्डिंगऐवजी ओळखीचं कोणी तुमच्याच घरी येऊन राहील का बघा, स्वतःचा पलंग, स्वतःचे वास असले की बरीच कुत्री जेवतात.

गारवारा:
खूप मदत झाली, पंजे आणि अँटिफ्रीझचं तर माझ्या डोक्यातच नव्हतं. सांजवेळ, तो उठताना थोडा आखडतो खरा, तपासून घेते या आठवड्यात. एक विचारायचं राहिलं, रोपवेत कुत्रा नेता येत नाही म्हणाले, तर दोन-तीन तास रूमवर हीटर लावून ठेवला तर चालेल का?

दोनपट्टे:
नको. अनोळखी खोलीत एकटा राहिला तर दार खरवडेल नाहीतर भुंकत बसेल, आणि बोर्डिंगमध्ये तो कसा राहिला ते तुम्हीच लिहिलंय. हीटरजवळ कुत्री इतकी चिकटून झोपतात की कातडी भाजते तरी हलत नाहीत, कोळशाची शेगडी असेल तर बंद खोलीत वायूचा धोका वेगळाच. आम्ही आळीपाळीने जातो, एक जण वर, एक जण राणीजवळ.

बाहेर शून्याच्या खाली असेल तर एका वेळी दहा-पंधरा मिनिटं पुरे, दिवसातून चारदा न्या पण थोडं थोडं. पोट झाकणारं जॅकेट घ्या आणि भिजलं की लगेच बदला, ओलं जॅकेट नसलेलं बरं. कुडकुडला की परत फिरायचं. कुडकुडणं आपोआप थांबून तो सुस्त झाला किंवा अडखळायला लागला तर शरीराचं तापमान खूप खाली आलंय असं समजा (एरवी ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं), कोरड्या ब्लँकेटमध्ये गुंडाळा, गरम पाण्याची बाटली टॉवेलमध्ये लपेटून छातीशी ठेवा आणि व्हेटला फोन करा. तिथल्या व्हेटचा नंबर निघायच्या आधीच शोधून ठेवा, छोट्या गावात रात्री मिळेलच असं नाही.

घाटातलावेग:
+१. पट्टा कुठेही सोडू नका, बर्फात वास दबतात आणि ओळखीचा रस्ता पण कुत्र्याला सापडत नाही. गळ्यात तुमचा चालू मोबाईल नंबर लिहिलेला बिल्ला घाला, लसीकरणाचं कार्ड बरोबर ठेवा. गोठलेल्या तळ्यावर तर अजिबात नको.

गारवारा:
व्हेटकडे जाऊन आले. हृदय छान आहे, मागच्या एका गुडघ्यात थोडी सूज, पण थोडं थोडं चालायला हरकत नाही म्हणाले, गुडघ्याची आणि उलटीची गोळी दिली आहे. रोपवे रद्द केला आम्ही, त्याऐवजी खालीच भटकू. बूट आज आले, घातल्यावर टिपू पाच मिनिटं एका जागी उभाच राहिला, मग माझ्यामागे स्वयंपाकघरापर्यंत आला. उद्या परत घालते.